ज्याचं त्याने निस्तरायचं : कॅलिफोर्नियाच्या ३९५ वरचे आठ दिवस

लॉस एंजलिसहून निघायचं, सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व अंगाने ३९५ नंबरच्या रस्त्याने वर सरकायचं, टियोगा खिंडीतून योसेमिटी नॅशनल पार्कात उतरायचं आणि सॅन फ्रान्सिस्कोला गाडी परत करायची. मुलांकडे अमेरिकेला गेलेली बरीच मराठी मंडळी ही सहल करतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा सगळ्यांत सोयीचा. डेथ व्हॅलीचं वाळवंट तोवर जरा निवलेलं असतं आणि टियोगाचा रस्ता अजून बर्फाने बंद झालेला नसतो.

निसर्गाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे लिहायचंय ते वेगळं. या वाटेवर जागोजागी एकेक निर्णय तुमच्या हातात ठेवलेला असतो. पाटी एकदा सांगते. दुसऱ्यांदा सांगायला, शिट्टी मारायला, हात धरायला कुणी नसतं. आणि निर्णय चुकला तर त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं हेही आधीच ठरलेलं असतं.

पहिला दिवस : लॉस एंजलिस ते लोन पाइन (२१० मैल)

पहिला निर्णय विमानतळावर, भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर. भारतीय लायसन्स इंग्रजीत असेल तर पर्यटकाला कॅलिफोर्नियात चालतं. तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेलेला बरा : नमुना ४-अ, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. काउंटरवरचा माणूस विम्याचे तीन प्रकार भराभर वाचून दाखवतो. एक भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा, दुसरा समोरच्याच्या नुकसानीचा, तिसरा तुमच्या स्वतःच्या दुखापतीचा. आपली माणसं पहिला घेतात, कारण ओरखड्याची भीती डोळ्यांसमोर असते. खरा घ्यायचा तो दुसरा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायद्याने किमान संरक्षण एका जखमी माणसामागे ३०,००० डॉलर, एका अपघातामागे ६०,००० आणि मालमत्तेसाठी १५,००० एवढंच आहे. त्याआधी तर ते १५, ३० आणि ५ हजार होतं. अमेरिकन हॉस्पिटलात ३०,००० डॉलर किती दिवस पुरतात हे तिथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. वरची भरपाई चालवणाऱ्याच्या गळ्यात पडते. कागदावर आकडा नीट वाचा, मग सही करा. आठ वर्षांखालच्या मुलाला मागच्या सीटवर चाइल्ड सीट किंवा बूस्टर सक्तीचा, तोही इथेच मागून घ्यायचा.

गाडी हलवण्याआधी चारही बाजूंचे आणि छताचे फोटो, शिवाय काचेवरचा तडा असेल तर त्याचा जवळून. डिकी उघडून स्टेपनी आहे का बघा. हल्ली बऱ्याच गाड्यांत तिच्या जागी नुसता पंप आणि डिंकाची बाटली असते. उद्याच्या दिवसासाठी हे माहीत असायलाच हवं.

पेट्रोल स्वतःच भरायचं. न्यू जर्सी सोडलं तर सगळीकडे तसंच. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. यंत्र कार्ड घेतं आणि पाच आकडी झिप कोड मागतं. आपला पिनकोड सहा आकडी, त्यामुळे कार्ड नाकारलं जातं. घाबरायचं कारण नाही. आत जाऊन ‘पंप नंबर सहा, चाळीस डॉलर’ एवढं सांगायचं. कमी भरलं तर उरलेले पैसे परत मिळतात. दुसरी चूक महागडी : हिरवं हँडल बहुतेक ठिकाणी डिझेलचं असतं. भाड्याच्या साध्या गाडीला ८७ चं बटण.

शहरातून बाहेर पडेपर्यंत चार-रस्ता-स्टॉप भेटतो. सिग्नल नाही, पोलीस नाही, चारही बाजूंना लाल अष्टकोनी पाटी. पांढऱ्या रेषेअलीकडे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. जो आधी थांबला तो आधी जातो. दोघं एकाच वेळी आले तर उजवीकडच्याचा मान. आपल्याकडून होणारी चूक घुसण्याची नसते, उलटी असते. आपला नंबर आला तरी आपण थांबून हाताने ‘या, या’ करतो. मागचे तीन खोळंबतात आणि समोरचा गोंधळून मध्येच निघतो. नंबर आला की निघायचं, हेही कर्तव्यच आहे.

मोहावे गावाच्या पुढे रस्ता काही ठिकाणी दुपदरी होतो. तुमच्या मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या आणि ओव्हरटेक करायला वाव नसला तर पहिल्या सोयीच्या जागी बाजूला होऊन त्यांना जाऊ द्यायचं, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. तुम्ही वेगमर्यादेत असलात तरी. ‘मी नियमानेच चाललोय’ हे उत्तर इथे पुरत नाही.

दुसरा दिवस : डेथ व्हॅली, जाऊन-येऊन २४० मैल

पहाटे पाचला निघा. टाकी भरलेली हवी, कारण आतले पंप मोजके आणि बरेच महाग. माणशी रोज किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी, आणि ते डिकीत एका कॅनमध्ये नको, हाताशी हवं. एक जादा कॅन गाडीसाठी.

पार्कच्या वेशीवर फाटक नाही. तिकीट मागायला कुणी येत नाही. गाडीमागे सात दिवसांचे ३० डॉलर, ते वाटेतल्या यंत्रात कार्डाने भरायचे आणि पावती डॅशबोर्डवर ठेवायची. रोकड चालत नाही. पुढे योसेमिटी आहे म्हणून हिशेब आत्ताच करा. २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या पर्यटकांना योसेमिटीसह ११ गाजलेल्या पार्कांत माणशी १०० डॉलर जादा पडतात, किंवा २५० डॉलरचा वार्षिक पास काढायचा. अमेरिकेत राहणाऱ्यांना तोच पास ८० ला. चौघे असाल तर पासच परवडतो.

टाऊन खिंड जवळजवळ ५,००० फुटांवर आहे आणि तिथून रस्ता समुद्रसपाटीपर्यंत घसरत जातो. चढताना इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा, अशा पाट्या लागतात. त्या गंमत म्हणून नाहीत. उतरताना गिअर खालचा टाका. ऑटोमॅटिक गाडीतही ‘एल’, ‘एस’ किंवा ‘बी’ असतं. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर निम्म्या वाटेत जळका वास येतो. तोवर ब्रेक पेडल मऊ झालेलं असतं. असं झालं तर बाजूला थांबून अर्धा तास जाऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका.

बॅडवॉटर, म्हणजे खोऱ्याचा मिठाने भरलेला सपाट तळ, समुद्रसपाटीखाली २८२ फूट. ऑक्टोबरातही दुपारी पारा चाळिशीकडे जातो. जवळच्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी नोंदवलेलं ५६.७ अंश सेल्सिअस अजून जगातला विक्रम मानला जातो. मिठावर चालत जायला कुणी बंदी घालत नाही. ‘उन्हाळ्यात सकाळी दहानंतर चालू नका’ अशी सूचना मात्र ठळक लिहिलेली असते. सूचनेमागचं कारण पाटीवर मावत नाही, म्हणून इथे : अतिउष्ण हवा विरळ असते, हेलिकॉप्टरच्या पंख्याला पुरेसा उठाव मिळत नाही, आणि सर्वांत कडक उन्हाच्या दिवशीच रुग्णवाहिकेचं हेलिकॉप्टर उडू शकत नाही. म्हणजे मदतीची गरज सगळ्यात जास्त तेव्हा मदत सगळ्यात लांब.

मोबाइलला बहुतेक खोऱ्यात रेंज नाही. नकाशा आधी उतरवून घ्या, आणि जीपीएसने जवळची वाट म्हणून कच्चा रस्ता दाखवला तर ऐकू नका. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते. तिथे टायर फाटला तर विमा गळून पडतो आणि ओढून आणणाऱ्याचं बिल हजारांच्या घरात जातं. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचं. बॉनेट उघडून ठेवायचं. सावली तिथे आहे, आणि शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. चालत मदत आणायला निघणं हीच इथली जीवघेणी चूक.

तिसरा दिवस : व्हिटनी पोर्टल ते लोन पाइन लेक

माउंट व्हिटनी १४,५०५ फूट. शिखरापर्यंत जाऊन-येऊन २२ मैल. १ मे ते १ नोव्हेंबर या काळात दिवसाला फक्त १०० जणांना एका दिवसाचा आणि ६० जणांना मुक्कामाचा परवाना, तोही फेब्रुवारीतल्या लॉटरीने. बहुतेकांसाठी लोन पाइन लेक पुरे. पोर्टलपासून, म्हणजे वाट सुरू होते तिथून, २.८ मैल, परवाना लागत नाही, तळं जवळपास १०,००० फुटांवर.

वाटेच्या तोंडाशी शौचालय आहे, वर एकही नाही. आधी होती, ती काढून टाकली. व्हिटनी भागात परवाना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला एक पिशवी दिली जाते. तिला वॅग बॅग म्हणतात. पातळ आतली पिशवी, तिच्यात द्रव शोषून घट्ट करणारी पूड, थोडा टिश्यू, हात पुसायचा ओला कागद आणि बाहेरची जाड झिपवाली पिशवी. आतली पिशवी जमिनीवर पसरायची, काम उरकायचं, कागदही तिच्यातच, हवा काढून पीळ द्यायचा, बाहेरच्या पिशवीत घालून झिप दोनदा तपासायची. मग ती खाली येईपर्यंत पाठीवर. पोर्टलला तिच्यासाठी खास कचरापेटी आहे, तिथेच टाकायची. उंचावर मातीच नाही, नुसता ग्रॅनाइट. पुरलेलं कुजत नाही आणि बर्फ वितळला की थेट पाण्यात.

या पद्धतीत कच्चा दुवा एकच : ‘येताना उचलू’ म्हणून वाटेच्या कडेला ठेवलेली पिशवी. येताना अंधार पडलेला असतो, पाय दुखत असतात, आणि पिशवी तिथेच राहते. उचलायची असेल तर आत्ताच उचला. मातीच्या इतर भागांत, जिथे पुरायला परवानगी आहे, तिथे माप ठरलेलं : पाण्यापासून २०० फूट, म्हणजे साधारण ७० पावलं दूर, ६ ते ८ इंच खोल. कागद पुरायचा नाही, परत आणायचा.

डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, की उंची लागली समजा. गोळी घेऊन वर जाण्यापेक्षा हजार-दीड हजार फूट खाली उतरणं हाच उपाय. परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा, आणि खाली राहणाऱ्या कुणाला तरी लिहून द्या. चुकलात तर शोधायला येणारं इन्यो काउंटी शेरीफचं पथक स्वयंसेवकांचं असतं. आपापली नोकरी सांभाळून रात्री दोर घेऊन चढणारी माणसं. शोधमोहिमेचं बिल इथे सहसा लावत नाहीत, पण हेलिकॉप्टर-रुग्णवाहिकेचं आणि हॉस्पिटलचं लावतात, आणि ते काही हजारांत आटपत नाही. दूरच्या न्यू हॅम्पशायर राज्यात तर निष्काळजीपणा ठरला की शोधाचा खर्चही वसूल करतात. २०१५ पासून तिथे माणशी २५ डॉलरचं कार्ड घेऊन ती जोखीम टाळता येते. भारतातून येणाऱ्या आई-वडिलांचा विमा काढताना ‘ठरावीक रकमेचा’ स्वस्त प्रकार टाळा. त्यात खोलीमागे, तपासणीमागे मर्यादा असते आणि बाकीचं मुलाच्या डोक्यावर बसतं. रक्तदाब, मधुमेह असेल तर आधीच्या आजाराबद्दलचं कलम शब्दन्‌शब्द वाचा.

चौथा दिवस : मँझनार, मग बिशप

लोन पाइनपासून नऊ मैलांवर डाव्या हाताला दुसऱ्या महायुद्धातल्या मँझनार छावणीचा एकटा लाकडी टेहळणी मनोरा दिसतो. तो २००५ मध्ये पुन्हा उभारलेला. मूळचे आठ होते. तिकीट नाही. निदान तीन तास ठेवा.

फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरं-दुकानं सोडून दहा छावण्यांत पाठवलं गेलं. त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. पाठवण्याआधी एकावरही खटला नाही. मँझनारमध्ये दहा हजारांवर लोक होते : ३६ ब्लॉक, प्रत्येकात १४ बराकी, डांबरी कागद ठोकलेल्या. २० बाय २५ फुटांच्या खोलीत आठजण. संग्रहालयात तशी खोली बांधून ठेवली आहे. फळ्यांमधल्या फटीत बोट घालून बघा, ओवेन्स खोऱ्यातली धूळ कुठून येत असेल ते कळतं. बाहेर सामायिक शौचालय : रांगेने नुसते कमोड, मध्ये आडोसा नाही. तेही तसंच पुन्हा बांधलंय.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा कागद १९४३ चा निष्ठा-प्रश्नपत्रिकेचा. प्रश्न २७ : सैन्यात लढाल का? प्रश्न २८ : अमेरिकेशी बिनशर्त निष्ठा आणि जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडता का? हो किंवा नाही. पहिल्या पिढीच्या लोकांना कायद्याने अमेरिकन नागरिक होताच येत नव्हतं. ‘हो’ लिहिलं की ते कुठल्याच देशाचे उरत नव्हते. इथेच जन्मलेल्या मुलांना कधी नसलेली निष्ठा ‘सोडायची’ होती. दोन्हींना ‘नाही’ लिहिणाऱ्यांची रवानगी टुली लेकच्या छावणीत झाली. कुंपण सरकारने घातलं आणि उत्तराची जबाबदारी मात्र माणसामाणसावर टाकली. वैयक्तिक जबाबदारीचं तत्त्व किती वाकवता येतं हे समजून घ्यायला याहून नेमका कागद सापडणार नाही.

फ्रेड कोरेमात्सु यांनी आदेश मोडला, अटक झाली, १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. शिक्षा रद्द झाली १९८३ मध्ये. त्याच वर्षी सरकारी आयोगाने वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश ही तीन कारणं नोंदवली. १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर आणि देशाच्या वतीने माफी. ४६ वर्षं लागली. तोवर बरेच जण गेले होते.

गाडीने फिरायचा ३.२ मैलांचा फेरा आहे. टोकाला दफनभूमी आणि १९४३ मधला पांढरा स्तंभ. लोक तिथे कागदाचे बगळे, नाणी ठेवतात. काही उचलू नका.

संध्याकाळी बिशपला जेवणाच्या बिलाखाली टिपसाठी रिकामी रेघ असते. १८ ते २० टक्के. मोठ्या गटाला ती आधीच लावलेली असू शकते, म्हणून बिल वाचा, नाहीतर दोनदा जाते. वाढप्याला मालकाने द्यायचा संघराज्याचा किमान दर १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकलाय, उरलेला पगार गिऱ्हाइकाच्या सद्सद्विवेकबुद्धीवर. कॅलिफोर्नियात तसं नाही, तिथे वाढप्यालाही पूर्ण किमान वेतन मिळतं. तरी टिप द्यायची पद्धत तीच. काउंटरवरून कॉफी उचलताना स्क्रीन तुमच्याकडे फिरवतात, तिथे शून्य दाबलं तरी चालतं.

पाचवा दिवस : वनखात्याच्या कॅम्पग्राउंडवर

मॅमथ लेक्सच्या परिसरातल्या साध्या कॅम्पग्राउंडच्या तोंडाशी एक जाड लोखंडी खांब दिसतो. वर झाकण, बाजूला बोटभर फट. याला सगळे ‘आयर्न रेंजर’ म्हणतात. शेजारच्या डबीत छापील पाकिटं. आधी गाडीने एक फेरी मारायची, रिकामी जागा शोधायची. जागेपुढच्या छोट्या खांबावर चिठ्ठी नसलेली म्हणजे रिकामी. मग अर्ध्या तासाच्या आत पाकीट भरायचं : तारीख, जागेचा नंबर, गाडीचा नंबर, किती रात्री. पैसे आत घालून चिकटवायचं, फाटणारी पट्टी तोडून घ्यायची, पाकीट फटीत, पट्टी आपल्या जागेच्या खांबाला. खांब सुट्टे देत नाही. म्हणून निघतानाच पाच आणि एकच्या नोटा वेगळ्या काढून ठेवा. वीसच्या दोनच नोटा असतील तर जादा पैसे वनखात्याला दान गेले समजा. पेन विसरू नका, दोरीला बांधलेलं बहुतेक वेळा चालत नाही.

शेकोटी पेटवायची असेल तर त्या दिवशीचे निर्बंध फलकावर बघा. कोरड्या मोसमात पूर्ण बंदीही असते. आखलेल्या कॅम्पग्राउंडबाहेर, रानात, नुसता गॅसचा स्टोव्ह लावायलाही कॅलिफोर्नियाचा फुकट मिळणारा परवाना लागतो. लाकूड तिथेच विकत घ्या, दुसरीकडून आणू नका, सालीखाली किडे प्रवास करतात. विझवताना बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, मग हाताची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली तर विझलेली नाही. वरून माती लोटणं ही नेहमीची चूक. माती निखारा झाकते, विझवत नाही, आणि पहाटेच्या वाऱ्यात तो पुन्हा डोळा उघडतो.

फलकावर टोपीवाला अस्वल असतोच. स्मोकी. १९४४ पासूनचा. बोट रोखून तो १९४७ पासून म्हणतोय की वणवा फक्त तुम्हीच रोखू शकता. खरंय, निम्मं. नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज गाव जळून ८५ माणसं गेली, ती कुणा सहलीच्या शेकोटीमुळे नव्हे. पीजी अँड ई या वीज कंपनीच्या मनोऱ्यावरचा जवळजवळ शंभर वर्षांचा झिजलेला आकडा तुटला आणि तार लोंबली. २०२० मध्ये कंपनीने ८४ सदोष मनुष्यवधांचा गुन्हा कबूल केला. कंपनीला तुरुंगात घालता येत नाही, दंड झाला.

कचऱ्याचीही हीच कथा. १९५३ मध्ये डबे-बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था निघाली. तिच्या १९७१ मधल्या जाहिरातीत रस्त्यावरचा कचरा बघून एका मूलनिवासी माणसाच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतो. नट खरा इटालियन वंशाचा. लोकच प्रदूषण करतात, लोकच थांबवू शकतात, हा संदेश. एकदाच वापरायची बाटली बाजारात आणली कुणी, हा प्रश्न त्या अश्रूत वाहून गेला. त्याच वर्षी ओरेगॉनने बाटलीवर अनामत लावणारा कायदा केला, आणि अशा कायद्यांना विरोध करण्यात पेयांच्या कंपन्याच पुढे होत्या. कॅलिफोर्नियात २४ औंसांखालच्या बाटलीमागे ५ सेंट, त्यावरच्या मागे १० सेंट आधीच कापून घेतलेले असतात. डेथ व्हॅलीतल्या पाण्याच्या बाटल्या चेपू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा.

सहावा दिवस : मोनो लेक आणि बोडी

ली व्हायनिंगला पोहोचून सकाळी मोनो लेकच्या चुनखडी खांबांमधून फिरा. हे खांब पाण्याखाली तयार होतात. ते उघडे दिसतात यातच गोष्ट आहे. १९४१ पासून लॉस एंजलिसने इथले ओढे वळवून नेले आणि तळं सुमारे ४५ फूट खाली गेलं. १९७८ मध्ये काही विद्यार्थ्यांनी समिती काढली. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तळं ही जनतेची ठेव आहे, सरकार तिचा विश्वस्त. १९९४ मध्ये पातळी ६,३९२ फुटांवर आणण्याचा हुकूम निघाला. ती अजून गाठलेली नाही. मला इथे विशेष वाटतं ते असं की समितीने लॉस एंजलिसला नुसतं कोर्टात ओढलं नाही. शहरातल्या वस्त्यांत कमी पाण्याचे कमोड बसवण्याच्या कामातही ती उतरली. पाणी सोडा म्हणायचं तर ते वाचवायचं कसं हेही दाखवायचं.

बोडीला जाताना शेवटचे तीन मैल कच्चे. दगडी खळगे, वेग दहा-पंधरा मैल ठेवा. उंची ८,३७५ फुटांच्या आसपास, खाण्यापिण्याचं दुकान नाही. सोन्याच्या खाणीचं हे गाव ओस पडलं आणि १९६२ मध्ये राज्याने ते ‘आहे तसं थांबवून’ ठेवलं. खिडकीतून बघा, टेबलावर बशा तशाच. जमिनीवर गंजलेले खिळे, बाटलीचे तुकडे. पावलोपावली राखण नाही. इथून काही नेलं तर मागे शाप लागतो, अशी एक वदंता आहे. ती रेंजरमंडळींनीच सोडून दिली असंही सांगतात. लोक खरोखर खिळे, काचा टपालाने परत पाठवतात, सोबत माफीची पत्रं : अपघात झाला, नोकरी गेली, कृपया जागेवर ठेवा. त्यांतली काही संग्रहालयात लावली आहेत. आधी ती वाचा, मग गावात फिरा. गंमत म्हणजे परत आलेला खिळा कुठून उचलला होता हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे तो जागेवर काही जात नाही.

सातवा दिवस : टियोगा खिंड, योसेमिटीचा मुक्काम

ली व्हायनिंगपासून बारा मैलांत ३,००० फुटांचा चढ. खिंड ९,९४३ फुटांवर. पेट्रोल ली व्हायनिंगला किंवा पुढे क्रेन फ्लॅटला भरा, योसेमिटीच्या मुख्य खोऱ्यात पंप नाही. तिथल्या कॅम्पसाइटचं आरक्षण पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ ला उघडतं. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात. मिनिटांत संपतं.

आता अस्वल. प्रत्येक जागेला तपकिरी पोलादी पेटी असते : साधारण ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल, १८ इंच उंच. कडी आत हात घालून, बोटांनी वर ढकलून उघडायची. अस्वलाच्या पंजाला तेवढी जागा मिळू नये म्हणून ती तशी. अंधार पडल्यावर गाडीत वासाची एकही वस्तू नको. इथे मराठी सामानाची यादी वेगळी करावी लागते. चिवडा-चकली सगळ्यांना आठवते. विसरतात ते : उदबत्तीचा पुडा, खोबरेल तेल, झंडू बामची डबी, पर्समधली बडीशेप, टूथपेस्ट, सनस्क्रीन, बाळाचे ओले रुमाल, आणि चाइल्ड सीट. तिच्या फटीत आठवडाभराचा बिस्किटांचा चुरा असतो. सीटच काढून पेटीत ठेवायची. रिकामा कूलर आणि न उघडलेले डबेही आतच. अस्वलाला कूलर ओळखू येतो, आत काही आहे की नाही याची चौकशी ते नंतर करतं. गाडीचं दार ते चौकटीत नखं घालून वरून वाकवतं, कागदासारखं.

१९९८ मध्ये योसेमिटीत अशा दीड हजारांहून जास्त घटना झाल्या. पेट्या आणि सक्ती वाढवल्यावर त्या कितीतरी घटल्या. दंड ५,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो, पण खरा दंड अस्वल भरतं. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल धीट होतं, आणि धीट झालेल्याला शेवटी पार्कलाच मारावं लागतं. पेटीला कडी नीट लागल्याचा ‘खट्ट’ आवाज ऐकल्याशिवाय झोपू नका. रात्री मुलाला भूक लागली तर उठून खायला द्या आणि पुन्हा लावा. तंबूत पुडा ठेवायचा नाही, एकही.

आठवा दिवस : टाफ्ट पॉइंट, आणि परत

ग्लेशियर पॉइंटच्या रस्त्यावरून १.१ मैल चालत टाफ्ट पॉइंट. वाट सोपी, कठडा फक्त एका टोकावर, पाच-सात पावलांचा. बाकी कड्याला काहीच नाही. खाली ३,००० फूट. वाटेतच खडकाला उभ्या भेगा आहेत, गवतात लपलेल्या. लहान मुलाचा हात गाडीतून उतरल्यापासून धरा. कडेला जायचंच असेल तर कॅमेऱ्याकडे बघत मागे सरकू नका. बसा, मग पुढे व्हा. ग्रॅनाइटवरची बारीक वाळू बुटाखाली छर्र्यांसारखी फिरते. कठडा का नाही, असा प्रश्न आपल्याकडचे हमखास विचारतात. लावायचा तर मैलोन्‌मैल लावावा लागेल, आणि मग तो कडा राहणार नाही, असं तिथलं उत्तर. मला ते पटतं, पण पाच वर्षांचं मूल सोबत असताना कमी पटतं.

दुपारी उतरून सॅन फ्रान्सिस्कोकडे. बाटल्यांची पिशवी वाटेतल्या शहरात पुनर्वापर केंद्रावर द्या, नग ५० पर्यंत असतील तर मोजून पैसे मागता येतात. वजनावर घेतले तर सहसा कमी पडतात. विमानतळाआधी पेट्रोल भरून पावती ठेवा, आतला कचरा काढा, सुरुवातीसारखेच फोटो पुन्हा काढा.

बे ब्रिजवर टोलनाका आहे, पण त्यात माणूस नाही आणि थांबायचंही नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. फास्ट्रॅकच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून तो एका वेळेचा टोल त्याच दिवशी भरून टाका. विसरलात तर बिल भाड्याच्या कंपनीकडे जातं, आणि पुण्याला पोहोचून तीन-चार आठवडे झाल्यावर कार्डावर टोल आणि त्याच्या वर कंपनीचं हाताळणी शुल्क, असे दोन आकडे उमटतात. बऱ्याचदा दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असतो.